कारमधला ॲम्प सारखा तापून बंद पडतोय? नवा घेण्याआधी एवढं तपासा

"अर्धा तास मस्त वाजतो, मग एकदम बंद. पंधरा मिनिटं गाडी उभी केली की परत सुरू. दुकानात दाखवला तर म्हणाले ॲम्प गेलाय, नवा टाका." फेब्रुवारी सरला की ही तक्रार वाढते, आणि ती सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा ॲम्प एकदा बदलूनही झालेला असतो. नवा ॲम्प महिनाभर नीट चालतो. मग एखाद्या लांबच्या प्रवासात पुन्हा तेच.

तसं होणारच. तापून बंद पडणारा ॲम्प सहसा बिघडलेला नसतो, तो स्वतःला जळण्यापासून वाचवत असतो. आत हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या दातेरी सांगाड्याला) लागून तापमान ओळखणारा एक छोटा सेन्सर असतो. हीटसिंक साधारण ८० ते ९० अंशांना पोचली की तो आवाज तोडतो आणि ती निवली की परत जोडतो. ही सोय नसती तर आतले ट्रान्झिस्टर कधीच फुटले असते. म्हणून शोधायचं ते इतकंच: एवढी उष्णता तयार का होते, आणि झालेली बाहेर का पडत नाही. बहुतेक गाड्यांत याचं उत्तर ॲम्पच्या डब्याबाहेर असतं. स्पीकरच्या जोडणीत, बॅटरीपासून आलेल्या वायरीत, गेनच्या (स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्पचं माप जुळवणाऱ्या) स्क्रूवर, नाहीतर सीटखालच्या कार्पेटमध्ये.

हे शोधायला एक साधा डिजिटल मल्टीमीटर, स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि एक मोकळी सकाळ लागते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळणारा कामचलाऊ मीटरही पुरतो. वायरींना हात लावायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. ॲम्पची जाड वायर बॉडीला टेकली तर ठिणगीच उडते असं नाही, आगही लागते.

बंद कसा पडतो, ते आधी बघा

'बंद पडतो' या एका तक्रारीखाली तीन वेगळे आजार लपलेले असतात आणि तिघांचा उपाय वेगळा आहे. म्हणून पहिले दोन-तीन दिवस काहीच न खोलता फक्त निरीक्षण करा.

वीस-चाळीस मिनिटं वाजून मग बंद, दहा-वीस मिनिटांनी आपोआप सुरू, आणि दुसऱ्यांदा आधीपेक्षा लवकर बंद: ही खरी उष्णतेची केस. दुसऱ्यांदा लवकर, कारण हीटसिंक पूर्ण निवलेली नसते. हात लावून बघा. तीन-चार सेकंदांच्या वर हात ठेववत नसेल तर ती साठ अंशांच्या आसपास किंवा पुढे आहे.

बेसचा ठोका पडला की क्षणभर गप्प आणि लगेच परत चालू, त्याच वेळी हेडलाइट किंवा डॅशबोर्डचा दिवा लुकलुकतो, आणि हे सिग्नलला किंवा इंजिन बंद असताना जास्त होतं: हा व्होल्टेज पडण्याचा प्रकार. बहुतेक ॲम्प १० ते १०.५ व्होल्टच्या खाली गेले की स्वतःला बंद करतात. हीटसिंक कोमटच असते.

स्टिरिओ चालू करताच ॲम्पवर लाल दिवा, किंवा खड्ड्यात, दार आपटल्यावर, आवाज थोडा वाढवल्यावर बंद, आणि स्टिरिओ बंद करून परत लावल्याशिवाय चालू होत नाही: इथे कुठेतरी शॉर्ट आहे. हीटसिंक थंडगार असते. दारातल्या स्पीकरची वायर रबरी नळीतून जाते ती जागा, आणि स्पीकर टर्मिनलमधून बाहेर आलेला एखादा तांब्याचा तंतू, हे दोन नेहमीचे संशयित. दार पूर्ण उघडून, पूर्ण लावून, दोन्ही स्थितींत स्पीकर वायर आणि बॉडी यांच्यात मीटरने कंटिन्युइटी (वीज आरपार जाते का) बघा. वायर ॲम्पपासून सोडवून बघायची, नाहीतर मीटर भलतंच दाखवेल. बीप वाजली की चोर सापडला.

लेझरवाला थर्मामीटर असेल तर उत्तम, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतो. हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा घट्ट चिकटवा आणि त्या टेपवर नेम धरा. यातच फसून पुष्कळ जण "चाळीसच अंश दाखवतंय, म्हणजे तापत नाही" असं म्हणून बसतात.

आणखी एक गोष्ट सकाळी गाडी उघडल्यावर बघण्यासारखी. रात्रभर उभ्या गाडीतला ॲम्प सकाळी कोमट लागतोय का? कंपनीच्या मूळ स्टिरिओला सहसा रिमोट वायर (ॲम्पला चालू-बंदचा इशारा देणारी) नसते, म्हणून तिथे ॲम्पचं ऑटो सेन्सिंग वापरतात. स्पीकरच्या वायरवरचा बारीक व्होल्टेज ओळखून ॲम्प चालू होतो. काही गाड्यांत स्टिरिओ बंद केल्यावरही तो व्होल्टेज रेंगाळतो आणि ॲम्प चालूच राहतो. बॅटरीही उतरते. अशा गाडीत ऑटो सेन्सिंग बंद करून, चावीवर येणाऱ्या फ्यूजवरून रिमोट वायर ओढणं हाच उपाय.

सगळे स्पीकर सोडवून एकदा चालवा

उष्णतेची केस आहे हे ठरलं की सगळ्यात उपयोगी चाचणी ही, आणि ती फुकट आहे. ॲम्पवरच्या सगळ्या स्पीकर वायरी आणि स्टिरिओकडून आवाज आणणाऱ्या आरसीए केबल काढा. इंजिन चालू ठेवा, मोकळ्या हवेत, बंद गॅरेजमध्ये नाही. वीस मिनिटांनी हीटसिंकला हात लावा. एबी क्लासचा (जास्त तापणाऱ्या रचनेचा) ॲम्प थोडा कोमट होणं साहजिक आहे, कारण त्याच्या ट्रान्झिस्टरमधून आवाज नसतानाही थोडा करंट वाहतो. पण काहीही न जोडता, काहीही न वाजवता तो चटका बसेल इतका तापला तर दोष आत आहे, आणि तेवढ्यापुरतं दुकानदाराचं म्हणणं खरं. त्याबद्दल शेवटी.

कोमटच राहिला तर ॲम्प निर्दोष. आता दारातले स्पीकर जोडून अर्धा तास वाजवा, मग सब (सबवूफर, खोल बेसचा स्पीकर) जोडून अर्धा तास. ज्या जोडणीनंतर तापमान उसळतं तिथेच थांबायचं. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत हे 'तिथे' म्हणजे दहांतल्या सात-आठ वेळा सबवूफरच असतो.

ओहमचं गणित

फोर-चॅनेल ॲम्प, पुढचे दोन चॅनेल दारातल्या स्पीकरना, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सबला. आपल्याकडच्या लहान गाड्यांतली ही सर्वात लाडकी जोडणी, आणि तापण्याचं सर्वात मोठं कारणही हीच.

ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला सबचा निम्माच इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) दिसतो. सब ४ ओहमचा असेल तर प्रत्येक चॅनेलला २ ओहम दिसतात, आणि बहुतेक ॲम्प तेवढं झेलतात. म्हणूनच त्यांच्या पुस्तिकेत 'ब्रिज केल्यास किमान ४ ओहम' असं छापलेलं असतं. पण सब ड्युअल व्हॉइस कॉइलचा, म्हणजे दोन कॉइलचा, ४ अधिक ४ ओहमचा असला आणि फिटरने दोन्ही कॉइल पॅरलल (शेजारी-शेजारी) जोडल्या, तर ॲम्पसमोर २ ओहम येतात आणि प्रत्येक चॅनेलला १ ओहम. आवाज आधी दमदार येतो, गिऱ्हाईक खूश होतं. करंट मात्र जवळपास दुप्पट झालेला असतो, आणि अर्ध्या तासात हीटसिंक उत्तर देते.

हे मोजणं सोपं आहे. ॲम्पच्या टोकाकडून सबच्या दोन्ही वायरी काढा आणि मीटर ओहमवर ठेवून त्यांच्यात मोजा. आधी मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध बघून घ्या. तो ०.२ ते ०.५ येतो आणि नंतरच्या आकड्यातून वजा करायचा. मीटर कॉइलचा डीसी रोध दाखवतो, जो छापील इम्पिडन्सपेक्षा थोडा कमी असतो. ४ ओहमचा सब ३.२ ते ३.७ दाखवेल, २ ओहमची जोडणी १.६ ते १.९. ब्रिज केलेल्या ॲम्पवर तुम्हाला पावणेदोन दिसले की बाकी काही शोधायची गरज नाही.

४ अधिक ४ च्या सबला दोनच योग्य रस्ते आहेत. पॅरलल म्हणजे २ ओहम किंवा सिरीज (एकापाठोपाठ एक) म्हणजे ८ ओहम. ४ त्यातून निघत नाही. तुमचा ॲम्प ब्रिजमध्ये ४ च्या खाली जात नसेल तर सिरीज करा. कागदावर पॉवर कमी होते, कानाला मात्र फारसा फरक पडत नाही, कारण ४ ओहमच्या मानाने पॉवर निम्मी झाली तरी आवाज ३ डेसिबलनेच उतरतो. 'एकच कॉइल जोडा, ४ ओहम मिळतील' हा सल्लाही ऐकू येतो. तो पाळू नका. सबची झेलायची ताकद निम्मी होते आणि बॉक्समधलं त्याचं वागणंच बदलतं. खरोखर ४ ओहम हवे असतील तर २ अधिक २ चा सब घेऊन सिरीज करा. मोठा बेसच हवा असेल तर १ किंवा २ ओहम झेलणारा मोनो (एका चॅनेलचा) डी क्लास, म्हणजे कमी तापणाऱ्या रचनेचा, ॲम्प घ्या आणि फोर-चॅनेल फक्त दारांसाठी ठेवा.

तसंच, दोन चॅनेलच्या ॲम्पवर पुढचे आणि मागचे स्पीकर एकत्र पिळून जोडलेले असतात. तिथेही ४ चे २ होतात. स्टिरिओमध्ये २ ओहम चालतं का, हे पुस्तिकेत बघा.

डब्यावरचे वॉट आणि फ्यूजचं सत्य

डब्यावर १५०० वॉट लिहिलंय, मग ३०० वॉटच्या सबला ॲम्प तापायचं कारण काय, हा प्रश्न हमखास येतो. ॲम्पच्या कडेला बघा, फ्यूज कितीचे आहेत? २० अँपिअरचे दोन असतील तर आत जास्तीत जास्त ४० अँपिअर जाणार. १४ व्होल्टने गुणलं की ५६० वॉट. एबी क्लासचा ॲम्प आत आलेल्या विजेतली पन्नास-साठ टक्केच आवाजात बदलतो, म्हणजे बाहेर सगळे चॅनेल मिळून ३०० वॉटच्या आसपास, चॅनेलमागे ७५. उरलेले अडीचशे वॉट शुद्ध उष्णता, आणि ती सीटखालच्या त्या डब्यातच साठणार. डी क्लासमध्ये हेच प्रमाण ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जातं, म्हणून तितक्याच आवाजाला तो निम्म्याहून कमी तापतो. खरा आकडा हवा असेल तर १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर, एक टक्क्याच्या आत विकृती ठेवून मोजलेला आरएमएस (सलग देता येणारा) वॉट बघा. सीईए-२००६ हे मानक असंच मोजतं.

तेव्हा फ्यूज मोठा टाकून पॉवर वाढत नाही, कधीही मोठा टाकू नका. फ्यूज वारंवार उडत असेल तर तो तुम्हाला ओहमच्या गणिताकडेच परत पाठवतोय.

जाड दिसणारी बारीक वायर

किटवर '४ गेज' (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) छापलेली, लालभडक, अंगठ्याएवढी वायर सोलून बघितली की आत तांबं असतं पेन्सिलीच्या शिसाइतकं, बाकी सगळं प्लास्टिक. खऱ्या ४ गेजमध्ये साधारण २१ चौरस मिलिमीटर धातू असतो, ८ गेजमध्ये साडेआठच्या आत. त्यातही बाजारातल्या स्वस्त किटमध्ये तांबं नसतंच, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. एक तंतू घ्या आणि ब्लेडने खरवडा. लाल थर निघून खाली चंदेरी दिसलं तर ते ॲल्युमिनियम. ते तांब्याच्या साधारण दोनतृतीयांशच वीज वाहतं, म्हणून तेच काम करायला दीडपट जाड वायर लागते.

याचा तापण्याशी संबंध काय? काही ॲम्पची आतली पॉवर सप्लाय रेग्युलेटेड (पॉवर कायम राखणारी) असते. व्होल्टेज कमी मिळालं की तेवढीच पॉवर काढायला ती जास्त करंट ओढते, आणि जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता. रेग्युलेटेड नसेल तर उलटं होतं. उपलब्ध पॉवर घटते, आवाज लवकर फाटतो, आणि आपण गेन वाढवत नेतो. शेवट दोन्हीकडे एकच.

मोजायचं असं. मीटर डीसी व्होल्टवर. लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी काडी ॲम्पच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. हो, दोन्ही पॉझिटिव्हवरच. लांब वायर जोडून काडी डिकीपर्यंत पोचवावी लागेल. आता जोरात बेस वाजवा. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेतच हरवतायत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायर ठीक. शुद्ध तांब्याची ८ गेज वायर पाच मीटरला ५० अँपिअरवर अर्धा व्होल्ट खाते, मुलाम्याची पाऊण. तेवढ्याच अंतराला ४ गेज तांबं ०.२ खाते. मोजलेला आकडा याहून मोठा आला तर वायरीच्या आधी फ्यूज होल्डर तपासा. बॅटरीजवळच्या काचेच्या फ्यूजचे स्वस्त होल्डर आतून वितळायला लागलेले मी पुष्कळ बघितलेत. बाहेरून धड दिसतात, झाकण काढलं की प्लास्टिक तपकिरी, फ्यूजची टोपी काळवंडलेली आणि स्क्रू बोटानेही फिरतो. तो फेकून द्या आणि चपट्या पट्टीचा, नटबोल्टने आवळायचा एएनएल प्रकारचा होल्डर लावा. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत.

मग अर्थिंग. तीच पद्धत, एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर, जोरात बेस. इथे ०.१ व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंग कच्चं. कारण जवळजवळ नेहमी एकच, रंगावर कसलेला स्क्रू. गाडीचा रंग वीज अडवतो. बॉडीवर चांगली जाड जागा शोधा, रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दाबून बसवलेला कॉपर लग लावा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग मारा. आपल्या कोकणात आणि गोव्यात हा शेवटचा थर विसरलात तर दोन पावसाळ्यांत तिथे गंज चढतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू. ग्राउंडची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि दीड फुटाच्या आत हवी. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग देणारे फिटर आहेत. त्यांना हात जोडून नाही म्हणा, तो बोल्ट अपघातात माणूस धरून ठेवण्यासाठी आहे.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो बघून अल्टरनेटर कमी-जास्त चार्ज करतो. अशा गाडीत ॲम्पची ग्राउंड वायर थेट बॅटरीच्या खुंटीला नेऊ नका, बॉडीला द्या, म्हणजे ॲम्पने खाल्लेला करंट सेन्सरच्या हिशेबात येतो.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ दाखवते. चालू असतानाही साडेतेराच्या खाली रेंगाळत असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर, ॲम्प नंतर. फक्त वर सांगितलेला सेन्सर असलेल्या गाड्या मुद्दाम चार्जिंग कमी करतात, तिथे एका आकड्यावरून निकाल काढू नका.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

मला सर्वात जास्त कळकळीने सांगायचंय ते हे. गेनचा स्क्रू पॉवर वाढवत नाही. तुमच्या स्टिरिओच्या आरसीएमधून २ व्होल्ट येतात की ४, त्याच्याशी ॲम्पचं माप जुळवण्यासाठी तो असतो. तो शेवटपर्यंत पिळला तर ॲम्पची कमाल मर्यादा तीच राहते. ती स्टिरिओच्या व्हॉल्यूमच्या निम्म्यावरच गाठली जाते, आणि पुढे लाटेची टोकं कापली जातात.

उष्णतेशी याचं नातं असं. नीट रेकॉर्ड केलेलं गाणं पूर्ण आवाजात वाजवलं तरी त्याची सरासरी पॉवर कमाल पॉवरच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास असते. ठोके मोठे, मधल्या जागा शांत. त्या जागांमध्ये ॲम्प श्वास घेतो. टोकं कापली की ठोके आणि जागा यांतला फरक मिटतो आणि सरासरी एकतृतीयांशाकडे सरकते. एबी क्लासचा ॲम्प नेमका त्याच पट्ट्यात सर्वात जास्त उष्णता टाकतो. लग्नसराईतले डीजे मिक्स, अखंड धडधडणारा बेस, यांची सरासरी मुळातच जास्त असते. त्यामुळे "भावगीतं तासन् तास चालतात, डीजे लावला की बंद पडतो" ही तक्रार अगदी तर्काला धरून आहे.

त्यावर बेस बूस्ट. ॲम्पवरचं ते बटण साधारण ४५ हर्ट्झजवळचा आवाज उचलतं. ३ डेसिबल वाढवलं की त्या जागी दुप्पट पॉवर लागते, ६ ला चौपट, १२ ला सोळापट. ती पॉवर ॲम्पकडे नसते. शून्यावर ठेवा. स्टिरिओच्या इक्वलायझरमधलं लाऊडनेस आणि बेसही शून्यावर.

गेन लावायची रीत. सगळे स्पीकर काढा. फोनवरून नको, पेनड्राइव्हवर पूर्ण पातळीचा सलग टोन घ्या, सबसाठी ५० हर्ट्झ, दारातल्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झ. स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशावर, गेन पूर्ण कमी. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर लावा आणि गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टला थांबायचं? खरे आरएमएस वॉट आणि ओहम यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ. ७५ वॉट ४ ओहमला १७.३ व्होल्ट. १५० वॉट ४ ओहमला २४.५. ३०० वॉट ४ ओहमला ३४.६, आणि तेच २ ओहमला २४.५. वर फ्यूजवरून काढलेला आकडा इथे घालायचा, डब्यावरचा नव्हे. स्पीकर जोडल्यावर व्होल्टेज थोडं बसतं, म्हणून एक-दोन व्होल्ट कमीच ठेवा. १००० हर्ट्झचा आकडा काही स्वस्त मीटर नीट वाचत नाहीत. शंका आली तर तिथेही कमी फ्रिक्वेन्सीचा टोन घ्या, पण फिल्टर तेवढ्यापुरते बंद करून.

फिल्टरही आत्ताच लावून घ्या. दारातल्या सहा इंची स्पीकरना हाय-पास (त्याच्या खालचा आवाज अडवणारा) ८० हर्ट्झ, सबला लो-पास (वरचा आवाज अडवणारा) तेवढ्याचाच. छोट्या स्पीकरकडून खोल बेस काढायचा हट्ट सोडला की फोर-चॅनेल ॲम्पचा निम्मा ताण तिथेच उतरतो. पोर्ट (हवेचं भोक) असलेला बॉक्स असेल आणि ॲम्पवर सबसॉनिक (अतिखोल आवाज अडवणारा) फिल्टर असेल तर तो २५-३० हर्ट्झला ठेवा. त्याच्या खालचं फारसं काही ऐकू येत नाही, पण पॉवर खातं आणि कोन विनाकारण हलवतं.

बसवायची जागा

विदर्भात मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात. उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून साठीपर्यंत सहज जाते. ८५ ला बंद पडणारा ॲम्प अशा गाडीत चालू होतो तेव्हाच त्याच्या हातात फक्त पंचवीस अंश उरलेले असतात. हिवाळ्यात तीच जोडणी बिनतक्रार चालते, ती यामुळे. गाडी तापलेली असेल तर काचा उघडून, एसी लावून पाच-सात मिनिटं जाऊ द्या, मग आवाज वाढवा.

कार्पेटखाली ॲम्प लपवणं म्हणजे त्याला भर उन्हात गोधडी पांघरणं. वायरी खुशाल झाका, हीटसिंकचे दाते उघडे हवेत. वर आणि बाजूंना दोन इंच मोकळी जागा ठेवा. उलटा, छताकडून लटकवू नका, गरम हवा त्याच्या पोटातच अडकते. डिकीत सीटच्या पाठीवर उभा बसवला आणि दाते वर-खाली दिशेने आले तर गरम हवा आपोआप वर सरकते, ही सर्वात चांगली जागा. सबच्या बॉक्सवर मात्र ठोकू नका. तिथल्या कंपनांनी आतल्या सोल्डरला आणि टर्मिनलच्या स्क्रूंना सैलपणा येतो. सीटखाली असेल तर मागच्या पायांसाठीची हवेची नळी कुठे उघडते ते बघा. एसी चालू असताना तिची थंड हवा उपयोगी पडते, महाबळेश्वरला हीटर लावलात तर ती गरम हवा थेट ॲम्पवर येते.

कॉम्प्युटरचा ८० किंवा १२० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा लावलात तर हवा दात्यांच्या बाजूने, आडवी वाहू द्या, वरून थापटू नका. एखादा लहान पंखा असेल तर ठीक, पण दोन-तीन पंखे रिमोट वायरवर लटकवू नका. ती वायर इशारा देण्यापुरती असते. मध्ये रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) घाला. त्याच्या पायांवर छापलेल्या नंबरांप्रमाणे: ८६ ला रिमोट, ८५ ला ग्राउंड, ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून पंखे. पण हे सगळं ओहम, वायर आणि गेन निस्तरल्यावर. दोन ओहमवर ब्रिज केलेल्या ॲम्पला पंखा लावून तो वीस मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटांनी बंद पडेल, एवढंच.

दोष आतच निघाला तर

स्पीकर न जोडताही तापणारा ॲम्प, किंवा बाहेरचं सगळं बरोबर असूनही बंद पडणारा. वॉरंटी असेल तर उघडू नका, पाठवून द्या. नसेल तर वीज तोडून थोडा वेळ थांबा, आतल्या कॅपेसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. मग झाकण काढा.

आधी पंखा. बऱ्याच ॲम्पमध्ये आत छोटा पंखा असतो, आणि धूळ-केसांच्या गोळ्याने तो अडकलेला असतो. दहा मिनिटांचं काम. मग ट्रान्झिस्टर हीटसिंकला दाबून धरणाऱ्या पट्ट्या किंवा स्क्रू. एखादा सैल झाला की तो ट्रान्झिस्टर एकटा तापतो आणि बाकी हीटसिंक थंड असते. आठ-दहा वर्षं जुन्या ॲम्पमधली पांढरी पेस्ट खडूसारखी सुकलेली असते. स्पिरिटने पुसून नवी पातळ पेस्ट लावा. ट्रान्झिस्टर आणि धातू यांच्यामध्ये अभ्रकाची किंवा रबरी पत्ती असते ती फाटू देऊ नका, कारण ट्रान्झिस्टरच्या पाठीवर वीज असते. पत्ती विसरलात तर चालू करताच शॉर्ट. कॅपेसिटरची डोकी फुगलेली असतील तर ते बदलायचेच.

बायस करंट (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा) जुळवणं, मॉसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) बदलणं ही कामं जाणत्या कारागिराचीच, आणि त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. एकाच रांगेतले मॉसफेट सगळे एकदम आणि एकाच कंपनीचे बदलायचे. एक नवा आणि तीन जुने असले की भार सारखा वाटला जात नाही आणि महिन्याभरात पुन्हा तोच उडतो. दुसरं, आयआरएफ ३२०५ सारख्या खपाच्या नंबरांत नकली माल भरपूर आहे. दोन-पाच रुपये वाचवायला अनोळखी दुकानातून घेऊ नये. दुरुस्ती नव्या ॲम्पच्या निम्म्या किमतीच्या पुढे जात असेल, आणि ॲम्प एबी क्लासचा असेल, तर तिथे मात्र मी नवा डी क्लास घ्या असंच सांगेन. त्यावर जुनीच वायर, जुनंच अर्थिंग आणि जुनीच जोडणी मोजल्याशिवाय चढवू नका.

सगळं बसल्यावर दुपारच्या वेळी, गाडी उन्हात तापवून, नेहमीच्या आवाजात तासभर वाजवा. हीटसिंक टेपवर सत्तरच्या आत स्थिरावली तर निश्चिंत राहा. महिन्याने टर्मिनलचे सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. तापून-निवून जाड वायरीचे तंतू आत दबतात आणि स्क्रू अर्धा फेरा तरी घेतोच.